दम आधी वाढतो, हाडं मागून: पळणाऱ्यांच्या दुखण्यांबद्दल थोडं सविस्तर

पाऊस ओसरला की कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठानं, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, कळंब्याच्या बाजूला नवे कोरे बूट दिसायला लागतात. जुलै-ऑगस्टभर घरात बसलेली मंडळी हिवाळ्यातल्या हाफ मॅरेथॉनचे पैसे भरून मोकळी झालेली असतात. डिसेंबर येईपर्यंत त्यातली बरीच गायब. विचारलं की उत्तर ठरलेलं: "गुडघा गेला." बघायला गेलं तर गुडघा जागच्या जागी शाबूत असतो. किती पळायचं आणि कधी वाढवायचं, याचं गणित तेवढं फिसकटलेलं असतं.

हे गणित समजून घ्यायला शरीरात काय घडतं ते आधी बघू.

पळताना प्रत्येक पावलागणिक पायावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. रमतगमत पळणारा माणूस एका किलोमीटरला साधारण हजार पावलं टाकतो. म्हणजे ७० किलोच्या माणसानं ५ किलोमीटर पळायचं म्हटलं तर प्रत्येक पाय अडीच हजार वेळा दीड-दोनशे किलो झेलतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण शरीराला हा भार हवाच असतो. भार आला की स्नायू, हाड, कंडरा स्वतःला थोडं जास्त मजबूत करून घेतात. अडचण एवढीच की सगळ्यांचा वेग सारखा नाही. हृदय, फुप्फुसं, रक्ताभिसरण दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतं. स्नायूंना दीड-दोन महिने लागतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहून आळशी, त्यांना तीन महिने किंवा जास्तच द्यावे लागतात.

हाडाचं तर आणखी वेगळं. भार वाढला की हाड आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं. या कामाला साधारण तीन आठवडे जातात. मग त्या जागी नवं हाड भरायचं काम सुरू होतं, ते सुमारे तीन महिने चालतं. मधल्या काळात त्या जागेचं हाड तात्पुरतं कच्चं असतं. आणि नेमका हाच काळ असा, की दम चांगला वाढलेला असतो, घड्याळावरचे आकडे दर आठवड्याला सुधारत असतात, आणि माणसाला वाटतं आता थांबायचं नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्यात एवढी माणसं का लंगडायला लागतात, त्याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

पोलीस भरतीच्या पोरांना हे सगळ्यात जास्त भोवतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अंतर लहान, पण वेळेला गुण असल्यामुळं सराव रोज आणि जिवाच्या आकांतानं. जाहिरात निघाल्यावर जागं व्हायचं, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मैदान, पायात कुठले तरी तळ झिजलेले बूट. दुसऱ्या महिन्यात निम्म्या पोरांच्या नडग्यांना चिकटपट्ट्या. ज्या गावात तालमी आहेत त्या गावानं तरी हे करू नये. नवा पोर तालमीत आला तर कुठलाही वस्ताद पहिल्याच दिवशी त्याला हजार बैठका मारायला लावत नाही. थोड्यापासून सुरुवात, रोज चार-पाच वाढवत नेणं, मध्ये अंग मोडून निघालं की एक दिवस ढील. पळण्याला याहून वेगळं शास्त्र लागत नाही.

वाढवायचं किती?

"आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका" हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. नियम वाईट नाही, पण तो वाटतो तेवढा भक्कमही नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये पाचशेहून जास्त नवख्या पळणाऱ्यांवर याची चाचणी झाली, २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटानं १० टक्क्यांचा नियम पाळून हळूहळू वाढवलं, दुसऱ्यानं नेहमीच्या कार्यक्रमानं. दोन्ही गटांत दर पाचांत साधारण एकजण जायबंदी झाला. फरक शून्य.

मग २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त पळणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या. त्यांना आठवड्याच्या बेरजेपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची दिसली: मागच्या ३० दिवसांतलं तुमचं सगळ्यात मोठं पळणं किती होतं, आणि आजचं त्याच्या किती पुढं गेलं. ते १० टक्क्यांहून जास्त पुढं गेलं की दुखापतीची शक्यता ठळकपणे वाढत होती, आणि दुपटीच्या वर गेलं तर शक्यताही दुपटीहून जास्त.

मला हे मनापासून पटतं, कारण आपल्याकडं दुखापती अशाच होतात. आठवडाभर शहाण्यासारखं पाच-सहा किलोमीटर पळणारा माणूस रविवारी ग्रुपच्या नादानं जोतिबाला जातो. आठवड्याची बेरीज काढली तर फार वाढलेली दिसत नाही, पण त्या एका सकाळी पायांनी आयुष्यात न झेललेलं झेललेलं असतं. वर मिसळ झाली, फोटो झाले, दुखणं मंगळवारी उगवतं. तेव्हा महिनाभरात सगळ्यात लांब ८ किलोमीटर पळाला असाल तर या रविवारी पावणेनऊ. बारा नाही. ग्रुप पुढं गेला तर जाऊ दे.

पावसाळ्यानंतर परतणाऱ्यांना तर हे आणखी लागू. जूनमध्ये १५ किलोमीटर सहज पळत होता ही आठवण मेंदूला असते, ऑक्टोबरातल्या नडगीला नसते. मोजायचं ते मागच्या ३० दिवसांचं.

डोंगराचा एक वेगळा हिशेब आहे. चढाला धाप लागते म्हणून लोक चढाला घाबरतात, पण पाय दुखतात ते उताराला. पन्हाळ्याहून किंवा जोतिबाहून खाली पळत येताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, आणि स्नायूला सगळ्यात जास्त मार या प्रकारच्या कामात बसतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तो ठणका दोन्ही पायांत सारखा असेल आणि चार-पाच दिवसांत ओसरला तर ती दुखापत नाही. फक्त त्या दिवसांत पुन्हा उतार नको. सुरुवातीला वर पळत जाऊन खाली गाडीनं यायला कुणी हसलं तर हसू दे.

आणखी एक बारीक गोष्ट. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज त्याच कडेनं, त्याच दिशेनं पळालं की एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. फेऱ्या मारणाऱ्यांनी एक दिवसाआड उलट्या दिशेनं फेरी मारावी. मैदानावर एकाच बाजूनं गोल फिरणाऱ्यांनाही हेच. फुकटचा उपाय आहे, पण सवयीची माणसं एवढी पक्की असतात की उलटं कुणी येताना दिसलं तर वाट चुकलाय की काय म्हणून बघतात.

नडगी: इथं गाफील राहू नका

सगळ्या दुखण्यांत मी नडगीवर जास्त वेळ घालवतो, कारण इथं साधं दुखणं आणि गंभीर दुखणं शेजारी-शेजारी राहतं.

साधं म्हणजे नडगीच्या आतल्या कडेनं, खालच्या निम्म्या भागात दुखणं. बसून पाय गुडघ्यात वाकवा, अंगठ्यानं घोट्याच्या आतल्या बाजूपासून वरपर्यंत हाडाच्या कडेवर दाबत या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात, कधी त्याहून जास्त, सगळीकडं थोडं थोडं दुखत असेल, पळायला सुरुवात केली की दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं, असं असेल तर हाडाच्या कडेला भार जास्त झालाय एवढाच त्याचा अर्थ. पळणं निम्म्यावर आणा, वेगाचा सराव बंद, मऊ मातीवर पळा, पोटऱ्यांचा व्यायाम सुरू करा. काही आठवड्यांत उतरतं.

पण अंगठा फिरवताना एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दाबल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, तर प्रकरण निराळं. हे दुखणं पळताना वाढतच जातं, नंतर चालतानाही जाणवतं, रात्री झोपेतही ठणकतं. त्या एका पायावर उडी मारून बघायची हिंमत होत नाही. हाडाला बारीक चीर जायला लागल्याची ही लक्षणं. इथं पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. एक्स-रे काढला आणि तो स्वच्छ आला म्हणून खूश होऊ नका. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. नडगीच्या आतल्या कडेची चीर सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरते. नडगीची पुढची धार, पावलाच्या मध्यावरचं घोट्यापुढचं हाड आणि खुब्यातली मांडीच्या हाडाची मान मात्र हट्टी. पळताना जांघेत खोलवर दुखत असेल आणि लंगडायला होत असेल तर "स्नायू ओढला असेल" म्हणून महिना घालवू नका. ती चीर पुढं सरकली तर शस्त्रक्रियेवर जातं.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण मैदानावर ती कुणी बोलत नाही. सराव वाढल्यावर पाळी लांबायला लागली किंवा थांबली, तर ते "जोरात सराव चाललाय" याचं लक्षण नाही. खाणं खर्चाला पुरत नाही, हाडांना लागणारी संप्रेरकं कमी पडली आहेत आणि हाड ठिसूळ व्हायला सुरुवात झाली आहे, असा त्याचा अर्थ होतो. मुलांमध्येही कमी खाऊन जास्त पळण्याचा हाच परिणाम होतो, फक्त तो ओळखायला एवढी सरळ खूण नाही. वजन कमी करायला म्हणून पळणाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी पळून वर नाश्ताही टाळणं हा शहाणपणा नव्हे.

गुडघा, टाच आणि टाचेमागची शीर

गुडघ्याचं सगळ्यात नेहमीचं दुखणं वाटीच्या मागं किंवा भोवती असतं. जिना उतरताना, मांडी घालून बराच वेळ बसून उठताना कळ येते. यात आत काही तुटलेलं नसतं. यावर दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे मांडी आणि नितंबाच्या स्नायूंना बळकट करणं. दुसरी गंमतीशीर आहे: पावलं लहान आणि लगबगीनं टाकणं. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या बरीच पुढं पडते आणि धक्का गुडघ्यावर येतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की, वेग तोच ठेवून मिनिटाची पावलं फक्त ५ टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्याला पचवावी लागणारी ऊर्जा साधारण एक पंचमांशानं कमी होते. तुमची मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ करून बघा. सुरुवातीला लुटुलुटु पळल्यासारखं वाटतं, आठवडाभरात सवय होते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर झालं की सुरू होणारं आणि उतारावर भडकणारं दुखणं हे त्याचंच चुलत भावंड. उपाय जवळपास तेच. काही दिवस उतार वर्ज्य.

टाचेमागच्या जाड शिरेचं, म्हणजे पोटरीच्या कंडरेचं, दुखणं ओळखायला सोपं. सकाळी उठल्यावर ती ताठलेली असते, पळायला लागल्यावर मोकळी होते, आणि संध्याकाळी पुन्हा बोलते. मधल्या मोकळ्या वेळेमुळं लोक फसतात. या दुखण्याला विश्रांतीनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पळायला लागलं की परत येतं, कारण विश्रांतीनं कंडरा मजबूत होत नाही. १९९८ मध्ये स्वीडनचे डॉक्टर हाकान अल्फ्रेडसन यांनी १५ जुनाट रुग्णांना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची, झटक्यानं सोडायची नाही, आणि वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. १५ वेळा, असे ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सगळेजण पुन्हा पळायला लागले. आजही उपचाराचा पाया हाच आहे, आता वजन घेऊन सावकाश टाचा उचलायलाही सांगतात. दुखणं अगदी खाली, शीर टाचेला चिकटते तिथं असेल तर मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं.

तळव्याचं दुखणं म्हणजे सकाळी पलंगावरून उतरल्यावर पडणारं पहिलं पाऊल. टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं, चार पावलं गेली की सैल पडतं. हे चिवट असतं, कधी कधी सहा महिने ते वर्ष घेतं, पण बहुतेकांचं शस्त्रक्रियेशिवाय जातं. पायाची बोटं हातानं वर ओढून तळवा ताणणं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचलणं, घरातल्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी न फिरणं. आणि हो, आपली कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असली तरी या दिवसांत तिला खुंटीवर राहू द्या. कडक सपाट तळ तेव्हा सोसत नाही.

बर्फ, रगडणं, गोळी

दुखलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती, हा सल्ला १९७८ मध्ये अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी लोकप्रिय केला. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळं भरून येणं उलट लांबू शकतं. सूज ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. पहिल्या दिवशी वेदना कमी करायला दहा मिनिटं बर्फ लावायला हरकत नाही, त्यानं काही जुळून मात्र येत नाही.

आपल्याकडचा खरा धोका रगडण्याचा. तालमीतल्या मालिशचा मी चाहता आहे. थकलेल्या अंगाला तेल लावून रगडल्यावर जे सुख मिळतं त्याला तोड नाही. पण पोटरीत किंवा मांडीत पळता पळता "टक्" झालं, जागीच थांबावं लागलं, दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसायला लागलं, तर स्नायू फाटलाय आणि आत रक्त साकळलंय. तिथं पहिल्या दिवसांत जोरात रगडलं की रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित त्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड धरायला लागतं. हाडवैद्याकडं जाऊन ओढून घेणंही तेव्हा नको. पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दाबली की दुखतेय, आणि पळताना काही झाल्याचं आठवतच नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते.

पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन निघणारे दर स्पर्धेत दिसतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. लांब पळताना घामानं पाणी गेलेलं असतं, त्यात ही भर घातली की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय थांबा म्हणून सांगणारी वेदनाच दाबलेली असते. टाचेमागच्या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन तर मागूही नका. शीर तुटण्याचा धोका असतो.

मग दुखत असताना पळायचं की नाही? फिजिओ वापरतात ती मोजपट्टी घरीही चालते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. पळताना दुखणं तीनपर्यंत राहिलं, पळण्याची ढब बदलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्यापेक्षा वाढलेलं नसेल, तर आजचा भार चालला. सकाळी वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी कमी. हाडाच्या चिरेला ही सवलत नाही, तिथं शून्यच.

परतताना आधी अर्धा-पाऊण तास भरभर चालून बघा. ते बिनदुखीचं झालं, एका पायावर उभं राहून वीसेक वेळा टाच उचलता आली, की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. मध्ये एक दिवस सुट्टी. मग दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. आधी अंतर परत मिळवायचं, वेग सगळ्यात शेवटी.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं पुरतात. बैठका, एका पायावरच्या टाचा, पायरी चढ-उतार. पळण्याआधी जागेवर उभं राहून स्नायू ताणत बसण्यानं दुखापती टळतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्याऐवजी पहिली दहा मिनिटं हळू पळा. बुटांबद्दल दुकानात फार ऐकवलं जातं. पायात घालून चार पावलं पळल्यावर जो बरा वाटतो तो घ्या, पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बदला. महागडा म्हणून वाचवेल असं नाही.

राहिलं घरच्यांचं म्हणणं: "पळून पळून गुडघे झिजतील." २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज साधारण ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १० टक्क्यांच्या आसपास, आणि वर्षानुवर्षं वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३ टक्के. हौशी पळणारे मुळातच सडपातळ असतात हाही त्यातला एक भाग असेल, पण पळण्यानं गुडघे जातात असं काही या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

दोन आठवडे भार कमी करूनही उतार पडत नसेल, सांध्यात सूज असेल, गुडघा अडकत किंवा दगा देत असेल, तर दाखवून घ्या. जाताना जुने बूट सोबत न्या, आणि मागच्या दोन महिन्यांत कुठल्या दिवशी किती पळालात, उतार कधी होता, बूट कधी बदलले, हे कागदावर लिहून न्या. चांगला फिजिओ पाय बघायच्या आधी तो कागद बघेल.